खळ्यावरचा तांबडा फेटा

दापोडी स्टेशनच्या फलाटावर आबांनी माझी पेटी उचलली आणि लगेच खाली ठेवली. "आज पेटी लई जड हाय रं," ते म्हणाले. मी म्हणालो, "परीक्षेची पुस्तकं आहेत." पेटीत एकही पुस्तक नव्हतं. माझे होते नव्हते तेवढे कपडे होते, मॅट्रिकपासूनची सर्टिफिकेटं होती, पायलटचं लायसन होतं. मुंबईला ड्यूटीवर जाणारा माणूस एवढं बिऱ्हाड बरोबर नेत नाही. आबांच्या ते ध्यानात आलं की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी पेटी खांद्यावर घेऊन डब्यात चढवली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.

"आता कंदी येनार?"

"बघू. यंदा ड्यूटी कडक आहे. वरून तर जाईनच."

"जा. आमी बघतो की."

चौथ्या दिवशी मी समुद्रापलीकडे बहारीनच्या बेटावर होतो, आणि कासारवाडीत माझी माणसं समजत होती की मी मुंबईत सांताक्रूझच्या विमानतळावर आहे.

सोना, हे मी तुझ्यासाठी लिहितो आहे. माझ्याबरोबर ज्या पायलटांनी तेव्हा नोकरी सोडली आणि आज रंगून, कुवेत, जाकार्ता कुठे कुठे पांगले आहेत, त्यांनीही वाचलं तर माझी हरकत नाही. पण आधी तुझ्यासाठी. तू चौथीपर्यंत शिकलीस ती माझ्या हट्टानं, आणि माझी खोटी पत्रं आई-आबांना मोठ्यानं वाचून दाखवायचं काम तुझ्याच गळ्यात पडलं. धाकट्या बहिणीला शिकवून मी तिचा असा वापर करून घेतला. निदान एक खरं पत्र मी तुला देणं लागतो.

मी खोटं का बोललो ते तुला ठाऊक आहे, पण दुसऱ्या कुणाला नसेल. आमचा थोरला भाऊ सखाराम पलटणीत भरती झाला, लढाईत मिसर देशात गेला आणि त्याच्याऐवजी घरी एक कागद आला. शाळेच्या मास्तरांनी तो वाचला तेव्हा आबा बैलांना पेंड चारत होते. त्यांनी पाटी रिकामी होईपर्यंत हात थांबवला नाही. पुढे मला लोहगावच्या विमानतळावर मदतनिसाचं काम लागलं, तिथल्या एका साहेबाच्या शिफारशीनं सरकारी मदतीवर फ्लाइंग क्लबात शिरकाव झाला, आणि शेतकऱ्याचं पोरगं विमान चालवणार म्हणून गावात माझी भलतीच किंमत वाढली. आबांनी एकच अट घातली. "इमान चालव, न्हाई म्हनत न्हाई. पर समिंदर वलांडायचा न्हाई. येक पोरगा पल्याड ठिवलाय मी." मी हो म्हणालो. तेव्हा माझ्या पोटात काळं नव्हतं.

त्या वेळी मी एका खासगी कंपनीत को-पायलट होतो. मुंबईहून सकाळी निघालेलं आमचं डकोटा विमान घाट ओलांडून लोहगावच्या दिशेनं खाली येऊ लागलं की चिंचवड मागे पडायचं, रेल्वेचा रूळ आणि मुंबई रस्ता जोडीनं धावताना दिसायचे, आणि माझ्या उजव्या हाताला आमची विहीर, चिंच आणि शेणानं सारवलेलं खळं यायचं. कॅप्टन दिलदार असला तर म्हणायचा, "घे, तुझं घर आलं." मग मी उजवा पंख दोनदा खाली झुकवायचो. नियमात ते बसत नव्हतं. उतारूंना वाटायचं हवा खराब आहे. खाली आई दोन्ही हात वर करायची, आणि आबा नांगर थांबवून नुसते बघायचे. घरी गेलो की म्हणायचे, "मंगळवारी वाईच उशीर झाला तुला." त्यांना घड्याळ कळत नव्हतं, विमानाची वेळ मात्र पाठ होती.

असंच एकदा रजेवर आलो असताना आबा जेवताजेवता म्हणाले, "तू वरनं जातोस, आमाला कळतं तू खुशाल हाईस. पर हितं काय अडलंनडलं तर तुला कसं कळायचं? तार करायला खडकीपतुर जावा, तितं इंग्रजीत लिव्हा. त्यापरीस मी आपला फेटा सोडून खळ्यावर लांबच्या लांब हातरीन. तांबडा हाय. दिसंल का?"

"दिसंल की," मी म्हणालो.

आईला ते मुळीच आवडलं नाही. "डोईचं भुईवर टाकत्यात व्हय? कुनाच्या पाया पडायचं असलं तर मानूस फेटा काढून ठिवतो."

"मंग तवा पडीन," आबा हसून म्हणाले. सोना, तू हसून हसून पाणी सांडलं होतंस. आपल्याकडे फेट्याला किती मान! तो भुईवर ठेवणं म्हणजे माणसानं आपला सगळा आब दुसऱ्याच्या पायाशी ठेवणं. आबांनी उभ्या आयुष्यात ना सावकारापुढे तसं केलं होतं, ना मामलेदारापुढे. त्यामुळे ती खूण कधी लागेल असं आपल्यातल्या कुणालाच वाटलं नव्हतं.

मग सरकारनं सगळ्या खासगी विमान कंपन्या एकत्र केल्या. देशाच्या दृष्टीनं चांगलंच झालं असेल. आमच्या कँटीनमध्ये मात्र एका भिंतीवर ज्येष्ठतेची यादी लागली आणि तिच्यापुढे चांगले चांगले कॅप्टन शाळेतल्या पोरांसारखे बोट फिरवत आपलं नाव शोधू लागले. जुन्या कंपनीत माझा कॅप्टन व्हायचा नंबर जवळ आला होता. नव्या यादीत मी इतका खाली घसरलो की को-पायलटच्या उजव्या खुर्चीतच केस पिकले असते. चहाच्या कपागणिक एकच चर्चा चालायची, जाऊ की राहू. कुणी म्हणायचं आखातात तेल कंपन्यांची विमानं आहेत, वर्षाच्या आत कमांड देतात, म्हणजे कॅप्टन करतात. कुणी म्हणायचं दुरून डोंगर साजरे. एक म्हातारा कॅप्टन म्हणायचा, पळसाला पानं तीनच, कुठेही जा. तो स्वतः मात्र सगळ्यात आधी गेला.

माझा दोस्त केकी राहिला. तो माझ्याच बॅचचा पारशी, पण त्याची जुनी कंपनी वेगळी, त्यामुळे यादीत त्याचं नाव वर होतं आणि कॅप्टनच्या पट्ट्या त्याला लवकर मिळाल्या. त्याच्यावर मी जळत होतो, हेही आता लिहून टाकतो. पुण्याची फेरी त्याच्याकडे होती. मी त्याला म्हणालो, "मी गेलो की आमच्या घरावरून जाताना दोनदा उजवा पंख झुकवत जा. त्यांना वाटेल मीच आहे."

केकीला हे पटलं नाही. "हे बरं नाही हां. सरळ सांगून जा ना."

मी त्याला सखारामचं सांगितलं. तो विरघळला. "ठीक आहे. तुझ्या बावाला मी वरून रोज सलाम मारीन. पण त्यांना तुला काही कळवायचं असलं तर? तशी काही खूण आहे काय?"

मी म्हणालो, "काही नाही. तू फक्त पंख झुकव."

खुणेचं सांगायला मी विसरलो, असं मी नंतर केकीला सांगितलं. तुलाही तेच सांगितलं. ते खोटं आहे. तो विचारत होता तेव्हा मला फेटा स्वच्छ आठवत होता. पण केकीला खूण कळली असती तर एखाद्या दिवशी त्यानं मला तार केली असती, आणि मला परत यावं लागलं असतं. पहिल्या वर्षात मधेच निघून येणाऱ्याला कमांड मिळत नाही, हे करारात लिहिलेलं होतं. मला बोलावणंच नको होतं. म्हणून मी काही नाही म्हणालो.

बहारीनला माझं वाईट चाललं नव्हतं. चलन आपलाच रुपया, मेसमध्ये मलबारी आचारी, बाजारात सिंधी आणि गुजराती दुकानदार, त्यामुळे परदेशात आल्यासारखं वाटायचंही नाही. पाणी तेवढं मचूळ. वाळवंटात तेलाच्या विहिरींजवळ आखलेल्या मातीच्या धावपट्ट्या, तिथे इंजिनिअर लोकांना सोडायचं आणि आणायचं. खाली हिरवा ठिपका शोधून डोळे दुखायचे. मी दर पंधरा दिवसांनी 'मुंबई' असा मथळा घालून घरचं पत्र लिहायचो, केकीच्या पत्त्यावर धाडायचो, आणि तो ते देशी तिकीट लावून पेटीत टाकायचा. मुंबईत थंडी कमी आहे, कँटीनचं जेवण बरं आहे, असलं काहीबाही. लिहिताना सुरुवातीला हात अडायचा. मग सवय झाली, आणि मग तर मी त्यात रंग भरू लागलो.

चार महिने झाले असतील. सकाळी न्याहारी करून मेसच्या पायरीवर बसलो असताना केकीचं पत्र आलं. इकडचं तिकडचं लिहून झाल्यावर शेवटी लिहिलं होतं, "तुझ्या घरी लग्नबिग्न निघालं काय? खळ्यावर लांबच लांब लाल कापड घातलंय, जसा काही गव्हर्नर यायचा आहे. मी दोन्ही फेऱ्यांना मस्त पंख झुकवला. खाली दोघी बायका कितीतरी वेळ हात हलवत होत्या. खूश दिसल्या."

सोना, आता जे लिहितो ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

मला तत्क्षणी कळलं. समजायला एक क्षणही लागला नाही. आणि पुढच्याच क्षणी मी मनाची समजूत घालू लागलो. फेटा धुऊन वाळत घातला असेल. सोयरीक जमली असेल. आबांनी गंमत केली असेल. दुसऱ्या दिवशी माझी कमांडची परीक्षा होती. तिच्यासाठी मी घर सोडलं होतं, बापाला फसवलं होतं, आणि ती एका रात्रीवर आली होती. मी पत्र घडी करून खिशात ठेवलं. परीक्षा दिली. चांगली दिली. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी पास झाल्याचं कळलं, खांद्यावर पट्टी चढली, लोकांनी पाठ थोपटली, आणि मग मी तारघरात जाऊन केकीला तार केली की घरी जाऊन ये.

पत्र हातात पडलं तेव्हा आबा जिवंत होते. त्यानंतर दोन दिवस होते. मी तार लिहीत होतो त्या दिवशी सकाळी गेले. पत्र मिळताच निघालो असतो तर कराचीवरून दुसऱ्या दिवशी मुंबईला येणारं विमान होतं. कदाचित पोचलो असतो. नसतोही पोचलो कदाचित. पण मी निघालोच नाही, तेव्हा या हिशेबाला अर्थ नाही.

केकी गणवेशात आपल्या दारात उभा राहिला तेव्हा तुला लांबून तो मीच वाटला. तू धावत गेलीस आणि मधेच थांबलीस, हे त्यानं मला लिहिलं. घरच्यांकडून त्याला फेट्याची गोष्ट कळली. पाच दिवस फेटा खळ्यावर होता आणि त्या पाच दिवसांत तो तीनदा वरून पंख झुकवून गेला होता. तिथे त्यानं यातलं काही उघड केलं नाही. मला मात्र लिहिलं, "मी विचारलं असतानाही तू मला सांगितलं नाहीस. त्या म्हाताऱ्याला मी तीन वेळा फसवलं, तुझ्यामुळे." त्यानंतर त्याचं पत्र नाही. ऐकतो की त्यानं पुण्याची फेरी बदलून मागितली.

आबा गेल्याचं कळल्यावर मी निघालो आणि तेराव्याला पोचलो. 'वरून बघून गेला' हे गावाला माहीत होतं. मी विहिरीवर गेलो तरी माणसं बोलायची थांबत. तूच मला सगळं सांगितलंस, रडत नव्हतीस, तेच मला जास्त लागलं. आबांच्या छातीत कफ धरला, ताप उतरेना. त्यांनी स्वतः फेटा काढून तुझ्या हातात दिला. पहिल्या दिवशी विमानानं पंख झुकवला तेव्हा ते ओट्यावरूनच म्हणाले, "बघितलं त्यानं. सांजच्याला येतोय." आईनं त्या दिवशी भात जास्त टाकला. मग एक दिवस मधे, आणि पुन्हा विमान. पुन्हा पंख. पाचव्या दिवशी तिसऱ्यांदा विमान गेल्यावर त्यांनी तुला हाक मारली. "गुंडाळ फेटा. बघितलंय त्यानं. नसंल जमत. नोकरी हाय." आणि थोड्या वेळानं, "आला तर त्याला कुनी बोलू नगा." त्यानंतर चार दिवसांनी ते गेले.

तुम्ही बोलला नाहीत. त्यांचा शब्द राखलात. तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर मला घास गिळता आला असता.

निघायच्या आदल्या दिवशी आई ज्वारी पाखडत बसली होती. सूप न थांबवता तिनं विचारलं, "तुला दिसला व्हता न्हवं फेटा?"

मी तिथेच मातीत बसलो आणि सांगितलं. की वर मी नव्हतोच. मी समुद्र ओलांडून गेलो होतो, पंख झुकवणारा तो पारशी होता, त्याला खूण ठाऊक नव्हती. आईचं सूप थांबलं. मला वाटलं आता ती मला उंबऱ्याबाहेर काढील, आणि काढलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजी तू बघितलाच न्हाईस?"

"नाही, आई."

तिचा चेहरा सैल झाला. इतके दिवस ओढलेला होता तो एकदम मोकळा झाला. समुद्राचं, खोट्या पत्रांचं तिनं मनावर घेतलंच नाही. "मंग बरं झालं बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, बघून बी आला न्हाईस. जीव जळत व्हता माझा." तिनं पुन्हा सूप हातात घेतलं, दोनदा पाखडलं, आणि थांबली.

"पर त्यांला आता कोन सांगनार?"

केकीचं पत्र तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. आई सुखावलेली बघून मला ते काढवलं नाही. असं मी म्हणतो. खरं म्हणजे तिच्या तोंडावरचा तो मोकळेपणा मी चोरासारखा घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासकट बहारीनला गेलो.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तुझं सासर भोसरीला, त्यामुळे आईकडे तुझी रोज फेरी असते आणि गावाकडचं तुझ्या पत्रातून कळतं. पिंपरीला कारखाना उभा राहिला, भोंग्यावर माणसं उठतात, शिफ्ट हा शब्द आता आईच्याही तोंडी आला आहे. साताऱ्याची, नगरची, कोकणातली पोरं खोल्या शोधत दारोदार फिरतात आणि आई त्यांना विचारते, घरी कोण कोण आहे, पत्र घालतोस का. आपल्या खळ्यावरही मोजणीवाले खुंट्या मारून गेले. जिथून मी निघालो तिथे लोक पोट भरायला येऊ लागले, हे वाचून मला हसू आलं आणि मग हसू आलं नाही.

आता सरकारी कंपनीला पायलट कमी पडतात. बाहेर गेलेल्यांना बोलावताहेत, कमांडसकट. इथे मेसमध्ये पुन्हा तीच चर्चा, जाऊ की राहू. बाकीचे जण पगार ताडून बघतात. मी नुसता ऐकतो, कारण माझा प्रश्न त्या कुठल्याच रकान्यात मांडता येत नाही. आईला अजून वाटतं मला काहीच ठाऊक नव्हतं. त्या समजुतीवर तिनं मला घरात घेतलं आहे. रजेवर आल्यावर तिच्या हातची भाकरी मी खातो तेव्हा ती दुसऱ्याच कुणाला वाढते आहे असं मला होतं, त्या मुलाला, ज्यानं काही पाहिलं नव्हतं. असं फसवून मिळालेलं घर मला घर वाटत नाही, आणि तिथून हाकललं जाण्याची भीतीही सुटत नाही. सगळं ऐकूनही तिनं ये म्हटलं, तर ते माझं घर. मग मी पुढच्या महिन्यात येतो, पगार कितीही असो. नाही म्हणाली तर मी इथे नोकरी करतो आहे एवढंच, मग मी कुठे राहतो याला काही महत्त्व नाही.

म्हणून सोना, माझी बाकीची पत्रं वाचून दाखवायचीस तसंच हे आईला वाचून दाखव. ओट्यावर बस, ती काम करत असली तरी तिला करू दे, आणि काही गाळू नकोस. पत्र माझ्या खिशात होतं आणि आबा अजून होते, तिथे तुझा आवाज अडेल, मला माहीत आहे. आई विचारील, का गं थांबलीस.

थांबू नकोस. वाच.